बर्चचं टेबल आणि एकच वल्हं

“जरा माझ्या टेबलावर बसता का?”

फिनलंडमधल्या कुओपिओसारख्या गावात अनोळखी पुरुषाला असं विचारणं म्हणजे फारच झालं. तिथले लोक बाहेर पडताना शेजारी भेटू नये म्हणून आधी दाराच्या भोकातून जिना बघून घेतात. पण साइमीचा नाइलाज होता. टेबलासाठी बर्चच्या लाकडाच्या फळ्यांना गोंद लावून झाला होता, त्या घट्ट धरायला आडवे क्लॅम्प आवळले होते आणि फळ्या मधोमध रागावलेल्या मांजरीच्या पाठीसारख्या वर उचलायला लागल्या होत्या. वरून दाबायला क्लॅम्प उरले नव्हते. आणि गोंद कुणासाठी थांबत नाही.

समोरच्या उंच माणसाने हातातला रंधा खाली ठेवला. विचार केला. याचा विचार संपेपर्यंत गोंद वाळेल, असं साइमीला वाटलं.

“कुठे बसू?”

“मधल्या जोडावर.”

तो बसला. सुतारकाम शिकवणाऱ्या केर्त्तूबाई येऊन वाकून बघून गेल्या. “सपाट झालं. हलू नकोस, यल्मारी,” एवढंच म्हणाल्या. अशा रीतीने साइमीला त्याचं नाव कळलं.

“किती वेळ बसायचं?” त्याने विचारलं.

“अर्धा तास...”

“बरं.”

खिडकीबाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. यल्मारीच्या भुवईवर लाकडाचा भुसा होता. तो झटकावा असं साइमीच्या मनात आलं, पण तिची बोटं गोंदाने चिकट होती. चिकटली असती तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं.

“एवढं मोठं टेबल,” तो म्हणाला. “घरात माणसं किती?”

“एक.”

“आणि खुर्च्या?”

“...एक.”

“हिशेब बरोबर आहे.”

“तुम्ही काय बनवताय?”

“वल्हं.”

“एकच?”

“आजोबांच्या होडीचं दुसरं शाबूत आहे.”

“मग गेल्या उन्हाळ्यात काय केलंत?”

“गोल गोल फिरलो. तळ्यातल्या एका जागेची फार चांगली ओळख झाली.”

साइमी हसली. आपलं हसणं तिला स्वतःलाच नवीन वाटलं, कपाटात मागे पडलेला स्वेटर सापडावा तसं. मग ती कधी नव्हे ते बोलत सुटली. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासते. ते काचेच्या खोलीत बसतात, ती बाहेरून बारीक आवाज सोडते, आवाज ऐकू आला की ते बोट वर करतात.

“बोलायचं नाही?”

“नाही. फक्त बोट.”

“वा,” यल्मारी मनापासून म्हणाला. “सगळीकडे असंच असायला हवं.”

त्यानंतर दर मंगळवारच्या वर्गात तिच्या टेबलावर कसला तरी दाब द्यायचा असेच. नसला तर ती शोधून काढी. मधल्या सुट्टीत वेलदोड्याचा पाव दोघं अर्धा अर्धा करत, त्यातच कधीतरी ‘तुम्ही’ गळून पडलं.

टेबलाचा टॉप सांगाड्यावर बसवायची वेळ आली तेव्हा केर्त्तूबाईंनी दम दिला. “टॉप घट्ट आवळायचा नाही. लाकूड उन्हाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं. खालून लाकडाचे गुटके लावा आणि त्यांच्या खाचेत टॉपला सरकायला जागा ठेवा. नाहीतर फाटेल, आणि मग माझ्याकडे बघायचं नाही.”

डिसेंबरात वर्ग संपला. यल्मारीने टेबल घसरगाडीवर घालून तिच्या घरी ओढत नेलं. चारही पाय आकाशाकडे करून ते असं पडलं होतं, की वाटेत एका म्हाताऱ्याने अंत्ययात्रेला काढावी तशी टोपी काढली.

टेबल खोलीत ठेवून झालं. यल्मारी दारात उभा राहिला... टोपी हातात, नजर बुटांवर. कॉफी विचारावी का? पण खुर्ची एकच. तो बसला तर आपण उभं राहायचं. आपण उभं राहिलो तर तो बसायचा नाही. मग दोघांनी उभं राहून कॉफी प्यायची, रेल्वे स्टेशनवर पितात तशी? या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत तो जिना उतरून गेला होता.

मग मंगळवार आले आणि गेले. त्या मंगळवारांत आता काहीच नव्हतं.

साइमी एकटी टेबलाशी बसे. कप ठेवला की टॉप गुटक्यांवर हळूच केसभर सरके, आणि ती तो दोन्ही हातांनी धरून ठेवी. जे सैल असतं ते एक दिवस निघून जातं, असा तिचा आजवरचा अनुभव. आधी बाबा गेले, मग तुर्कूला बदली झालेली मैत्रीण. एका रविवारी तिने लांब स्क्रू आणले आणि टॉप सांगाड्याला पक्का आवळून टाकला. टेबल गप्प झालं. तिला बरं वाटलं.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, हीटर धगधगू लागले. सकाळी ती लापशी खात असताना फाडकन आवाज झाला, बंदूक झाडल्यासारखा. भिंतीपलीकडून शेजारी ओरडला, “जिवंत आहात ना?”

“हो!”

“बरं.”

त्या बिल्डिंगमधला तो वर्षातला सगळ्यात लांब संवाद असावा.

टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. साइमी थोडं रडली. मग रडता रडता तिच्या लक्षात आलं, की आता फोन करायला कारण आहे. तिने डोळे पुसले आणि नंबर लावला.

“यल्मारी, टेबल फाटलं.”

पलीकडे रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कुठे?”

“तू बसला होतास तो जोड शाबूत आहे. त्याच्या शेजारी.”

“येतो.”

तो आला तो खांद्यावर होडीची दोरी आणि हातात वल्हं घेऊन. बाहेर तळं दगडासारखं गोठलेलं.

“बसमधून आलास? असा? ड्रायव्हर काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘लवकर निघालात.’”

“पण वल्हं कशाला?”

“दोरीला पीळ द्यायला. क्लॅम्प वर्गात राहिले ना.”

तो टेबलाखाली शिरला.

“हे कुणी आवळलं?”

“मी... ते हलत होतं.”

“हलायलाच हवं, साइमी.”

“माहीत आहे. मलाच धीर निघाला नाही.”

त्याने एकेक स्क्रू सैल केला, आणि चीर आपसूक थोडी मिटली. तिने गोंद भरला. त्याने टेबलाला दोरीचे वेढे दिले, त्यात वल्हं अडकवून पीळ घातला. फटीतून गोंदाचे थेंब वर आले. चीर मिटली आणि टॉप मधोमध उचलायला लागला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मुकाट्याने वर चढून बसले. शेजारी शेजारी, पाय लोंबकळत.

खोलीतली एकुलती एक खुर्ची समोर रिकामी होती.

अर्धा तास. मग गोंद धरेल, हा टोपी घालेल, जिना उतरेल... साइमीने मान खिडकीकडे वळवली. अगदी तिखट कानांच्या माणसांसाठी दवाखान्यात जो आवाज राखून ठेवतात, त्याहून हळू, ओठातल्या ओठात ती पुटपुटली, “गोंद वाळला तरी जाऊ नकोस.”

खालून बर्फ काढणारी गाडी घरघरत गेली. मग पुन्हा सगळं शांत झालं. ऐकू गेलं नसणार. बरंच झालं, तिने स्वतःला समजावलं, आणि समजूत पटली नाही.

तिने हळूच वळून पाहिलं. यल्मारी समोर भिंतीकडेच बघत होता, कानाच्या पाळ्या लालबुंद. आणि त्याचं एक बोट वर होतं.