खिडकीतला तराजू

कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं.

दिग्दर्शिकेने कप्पा पुन्हा उघडून पाहिला. सकाळभराचं सगळं शूटिंग त्या कार्डात होतं. एका जुन्या तैलचित्रावरून ती छोटी फिल्म करत होती: खिडकीपाशी रिकामा तराजू धरून स्तब्ध उभी असलेली बाई. बाई म्हणून तिची आईच उभी राहिली होती. फिल्म आज संध्याकाळपर्यंत महोत्सवाकडे पोचली नाही, तर दोन वर्षं उंबरे झिजवून मिळालेली एकुलती एक संधी हातची जाणार होती. आणि खिडकीतलं ऊन तर केव्हाच सरकलं होतं.

तिने कॅमेरामनला गाठलं. सकाळीच दोघांची चांगली जुंपली होती.

"कार्ड कुठंय?"

"मला काय विचारतेस? मी आणि साउंडवाली खाली जेवत होतो. हवं तर विचार तिला."

साउंडवालीने मान डोलावली.

"आई, इथं कोणी आलं होतं?"

"माझा जरा डोळा लागला होता गं." आई दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होती. "घरमालक डोकावला असेल. दार उघडंच होतं."

घरमालक सकाळीच बाहेरगावी गेला होता. बिचाऱ्या आईला काय ठाऊक! सकाळपासून तिचा एकच घोर, मोठ्या पडद्यावर सगळं दिसतं का? कॅमेरामन चिडवायचा, "काकू, पापणीचा केससुद्धा!"

"तुझ्याकडे काही आहे का?" दिग्दर्शिकेने साउंडवालीला रडकुंडीला येऊन विचारलं.

"आवाज आहे, माझ्या मशीनमध्ये. पण फिल्मला संवादच नाहीत, त्याचं करणार काय?"

तरी दिग्दर्शिकेने हेडफोन लावला. शांतता. मग किण. किणकिण. तराजूच्या साखळ्या वाजत होत्या.

"वारा होता?"

"छे! खिडकी बंद, पंखा बंद."

तिने दोघांना बाहेर पाठवलं आणि आईसमोर बसली.

"आई, कार्ड तू घेतलंस."

"काहीतरीच काय!"

"तराजू सकाळभर वाजतोय. वारा नव्हता, म्हणजे तुझा हात थरथरत होता. कपही तू दोन्ही हातांनी धरतेस. मी मेली तुझ्या चेहऱ्यावरचा उजेड बघत बसले! पडद्यावर हात दिसेल म्हणून तू कार्ड काढलंस. आवाज वेगळ्या मशीनमध्ये असतो, हे तुला माहीत नव्हतं."

आईने शूटिंगसाठी घातलेल्या झग्याच्या खिशातून कार्ड काढलं.

"डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार. वाटलं, उद्या तू दुसरी कुणी उभी करशील."

"मुदत आजची आहे, आई!"

"मला सांगितलंस का?"

तिने सांगितलं नव्हतं. आईला उगाच काळजी नको म्हणून. खाण तशी माती.

"जा, पाठव. दिसला हात तर दिसला."

दिग्दर्शिका उठली नाही. तिने आईचे दोन्ही हात घट्ट धरले. तरी ते थांबेनात.

"ऊठ," आई म्हणाली. "अशी बसून राहशील, म्हणूनच सांगितलं नव्हतं."