मुठीतलं दही

बारावीचा निकाल लागला, तेव्हा निवृत्तीच्या घरी प्रत्येकाने तेजलसाठी काही ना काही ठरवून ठेवलं होतं. चुलती सरुबाईच्या मनात डी.एड. होतं, मामाच्या मनात नर्सिंग. निवृत्तीला स्वतःला मुलगी शेतकीची पदवी घेऊन निफाडातच एखाद्या औषधांच्या दुकानात बसलेली दिसत होती. तेजलने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मी जर्मन घेणारे. बी.ए. जर्मन."

"ते कशाशी खातात?" निवृत्ती म्हणाला आणि सगळे हसले.

याच्या मुळाशी द्राक्षं होती. दहावीची परीक्षा संपल्यावर ती गावाबाहेरच्या पॅकहाउसमध्ये कामाला जायची, परदेशी निघालेल्या पेट्यांवर लेबलं चिकटवायला. त्यावरचे लांबलचक शब्द तिला वाचता यायचे, पण म्हणता यायचे नाहीत, आणि ते तिला सहन होईना. मोबाइलवर ऐकून ऐकून तिने सुरुवात केली आणि बघता बघता सगळं आयुष्यच आखून टाकलं. तीन वर्षं नाशिकला, मग तिकडच्या विद्यापीठात, तिथल्या वसतिगृहात स्वतःची एकटीची खोली आणि खिडकीशी टेबल. खोलीत काय काय असेल ते ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून आईला सांगायची, आणि जिने नाशिक-शिर्डीपलीकडे काही पाहिलं नव्हतं ती प्रतिभा विचारायची, "अन् तिथं बाजरी मिळती का गं?"

निवृत्तीचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. वायर जोडलेली असली की करंट येतो, तुटली की येत नाही, देवाधर्माबद्दलही त्याचं मत साधारण एवढंच होतं. पण मुलीपुढे त्याची डाळ शिजली नाही. कॉलेजचे तास सकाळी लवकर, निफाडहून एसटीने पोचणं काही जमणारं नव्हतं. शेवटी त्यानेच इंदिरानगरात वत्सलाबाईंच्या बंगल्यावरची खोली शोधली. दोन कॉट, दोन कपाटं, दुसरी मुलगी पेठ तालुक्याकडची, ललिता नावाची, तीही जर्मनलाच. ती अजून आली नव्हती. गादी, बादली, टेबलफॅन असं सगळं टेम्पोत घालून बापलेक ठेवून आले. येताना तेजल सारखी मागे वळून त्या खिडकीकडे बघत होती.

सोमवारी ती जायची होती. आधी साधा ताप आला, मग पेशी उतरल्या, मग नाशिकचा दवाखाना. सोमवार उजाडायच्या आत तेजल गेली.

तिला घरी आणलं. कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी घेतलेला पिवळा ड्रेस प्रतिभाने तिला घातला. उचलायची वेळ झाली तेव्हा प्रतिभा आत गेली आणि हातात वाटी घेऊन आली. वाटीत दही होतं. त्या धावपळीत तिने विरजण कधी लावलं होतं, कोणास ठाऊक. आपल्याकडे कोणी परगावी निघालं की त्याच्या उजव्या तळहातावर दही ठेवतात, म्हणजे गेलेलं माणूस काम उरकून सुखरूप परत येतं. सोमवारी करायचं म्हणून तिच्या डोक्यात जे पक्कं बसलं होतं, तेच तिने केलं. चमचाभर दही लेकीच्या तळहातावर ठेवलं.

"जा, बाई," ती म्हणाली. "नीट शीक. अन् परत ये."

रडणाऱ्या बायकांतून सरुबाई पुढे धावली. "अगं येडे, काय केलं हे! गेलेल्याला दही देत्यात का कुठं? पुसा, पुसा तो हात आधी!"

निवृत्तीने चुलतीचा हात धरला. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. त्याला फक्त बायकोचं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडाकडे पाहून तिच्या हातचं पुसून टाकणं त्याच्याने होणार नव्हतं. त्याने तेजलची बोटं एकेक करून दह्यावर मिटली.

"राहू द्या, काकी. आईनं दिलंय."

मिटल्या मुठीनेच तिला नेलं. पुढचं सगळं निवृत्तीने स्वतःच्या हातांनी केलं. अग्नी दिला, राख सावडली, रामकुंडात अस्थी सोडल्या.

तेरावं झाल्यावर तो इंदिरानगरला गादी आणायला गेला. खरं तर वत्सलाबाईंना आधी कळवायला हवं होतं. पण फोन हातात घेतला की ते वाक्य तोंडाने म्हणावं लागणार, म्हणून तो दर वेळी फोन खाली ठेवायचा.

दुपार कलली होती. तो नाशिकच्या द्वारका चौकात उतरला, रिक्षा केली. वत्सलाबाई पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "मुलगी गुणी आहे हो तुमची, तक्रार नाही माझी. फक्त नळ नीट बंद करायला सांगा तिला. आणि खोलीत काहीतरी आंबल्यासारखा वास येतो, तेवढं बघा."

"कोणती मुलगी?"

"कोणती म्हणजे? तेजल. येतीलच आता, दोघी बरोबरच येतात."

म्हातारीची गल्लत होतेय, निवृत्तीला वाटलं. दुसऱ्याच कुठल्या मुलीला ती तेजल समजत असेल. त्याने मोबाइलमधला फोटो पुढे धरला.

"हीच की!" वत्सलाबाई थोड्या चिडल्याच. "डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझ्या. चांगलं दिसतं मला."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. "वर बसतो," एवढंच तो म्हणाला.

त्याने सुतळीने बांधून ठेवलेली गादी सोडून पसरलेली होती. चादरीची टोकं तेजल घरी खोचायची तशी आत खोचलेली होती. उशीला मधोमध खळगा होता. त्याने त्यात तळवा ठेवला, तर ओलसर गार लागलं. आंबूस वास होता, पण फार नाही. कुणीतरी हे सोंग करतंय, त्याने मनाशी म्हटलं, मुलीच्या नावावर कुणीतरी फुकट राहतंय. आल्यावर बघतोच. तो समोरच्या कॉटवर बसला. वाऱ्याची झुळूक लागत होती म्हणून त्याने टेबलफॅनकडे पाहिलं. फॅन फिरत होता. त्याची पिन भिंतीतल्या बोर्डात नव्हती, ती खाली लोंबत होती.

निवृत्तीने ती पिन हातात घेतली. वायर फॅनपर्यंत चाचपली. मग होती तशी सोडून दिली.

जिन्यावर पावलं वाजली. दारात सावळी, किडकिडीत मुलगी उभी राहिली.

"तेजलचे पप्पा ना तुम्ही? मी ललिता. ती खाली पाय धुतेय."

खालून नळाचा आवाज येत होता.

"कशी आहे ती?" निवृत्तीने विचारलं. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

"चांगली आहे." ललिता घुटमळली. "कॉलेजात बोलत नाही कुणाशी. खोलीत बोलते, पण भिंतीकडे तोंड करून. जर्मनच बोलते, भराभरा. काका, तिच्या हाताला काय झालंय? उजवी मूठ कधी उघडतच नाही ती. जेवते पण डाव्या हाताने."

नळ थांबला.

तेजल आत आली. अंगावर पिवळा ड्रेस होता.

तिने बापाकडे पाहिलं नाही. कॉटवर बसली आणि भिंतीकडे तोंड केलं. केस विंचरलेले होते. मानेवरचा लहानपणचा भाजल्याचा डाग जागेवर होता.

"तेजू," निवृत्ती म्हणाला.

ती बोलू लागली. आवाज तिचाच, वाक्याच्या मध्येच किंचित अडखळणारा. खूप बोलली. त्यातलं अक्षरही त्याला कळलं नाही.

"मराठीत बोल ना, बाळा. मला नाय कळत हे."

ती थांबली. मग एकच वाक्य म्हणाली, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. पुन्हा तेच म्हणाली.

त्याने तिची मूठ हातात घेतली. ती गार होती. त्याने एकेक बोट सरळ केलं, बोटं सहज उघडली. तळहातावर दही होतं, पांढरंशुभ्र, आत्ताच वाटीतून काढून ठेवल्यासारखं.

निवृत्तीने खिशातला रुमाल काढला. पुसा तो हात आधी. पुसलं तर ती सुटेल. पण सुटेल म्हणजे कायमची जाईल. नाही पुसलं तर ती परत येईल, पण ही अशी, भिंतीकडे तोंड केलेली, गार हातांची. पोरीला यातलं काय हवंय, एवढंच त्याला कळायला हवं होतं. जगातलं दुसरं काही नको होतं.

"पुसू का गं?" त्याने विचारलं.

तिने तेच वाक्य म्हटलं.

हो की नाही? त्याने ललिताकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती, तिला रडू फुटलं होतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"काका, आमचे अजून आकडेच चाललेत," ती म्हणाली. "मला नाही कळत."

निवृत्ती ढसाढसा रडला. ज्या भाषेला तो घरभर हसला होता, त्या भाषेत त्याची मुलगी त्याला उत्तर देत होती, आणि ते उत्तर त्याच्या कानांवरून वाहून जात होतं. त्याने रुमाल खिशात ठेवला. तिची बोटं पुन्हा एकेक करून मिटली.

"गणपतीला न्याल ना घरी?" वत्सलाबाईंनी फाटकाशी विचारलं.

"हो," तो म्हणाला.

बसमध्ये तो ते वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवत होता. काही करून ते घरापर्यंत न्यायचं, कुणाला तरी विचारायचं. ओढा गावापर्यंत ते त्याच्यापाशी होतं. चांदोरीला भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बाया चढल्या, कंडक्टरशी त्यांची हुज्जत झाली, आणि ती मिटेपर्यंत वाक्य निसटलं होतं. उरलेला रस्ता तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला.

प्रतिभाला त्याने काही सांगितलं नाही. सामान तिथल्या एका गरीब मुलीला दिलं म्हणाला. तिने मान हलवली.

त्या दिवसापासून तो दुकानातून आला की मोबाइलवर जर्मन शिकू लागला. सरुबाई म्हणाली, पोरीच्या दुःखाने याचं डोकं फिरलं. पुढच्या खोलीत भिंतीला टेकून तो म्हणत राहायचा, माझं नाव निवृत्ती, मी निफाडला राहतो, हे पाणी आहे, ही भाकर आहे. जीभ वळायची नाही. गणपती जवळ येत चालले होते, आणि मोबाइलवर आलेल्या कुठल्याच वाक्यात तिचं वाक्य नव्हतं.

एका संध्याकाळी तो असाच पुटपुटत असताना आतून ते ऐकू आलं. तेच वाक्य, मधल्या अडखळण्यासकट. कानावर पडताच त्याने ओळखलं.

तो उठून आत गेला. प्रतिभा ओट्याशी भाकरी थापत होती. दुसरं कोणी नव्हतं.

"तू म्हनलीस आत्ता?"

"मीच." तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तुमच्या त्या मोबाइलमधी आलं का हे कुठं? मी कधीची कान देऊन बसलीय."

निवृत्ती दाराची चौकट धरून उभा राहिला.

"तिला नेलं ना, त्या दिवसापासून रोज म्हनती," प्रतिभा म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "हितंच, माझ्या पाठीशी उभी राहून. ऐकून ऐकून पाठ झालं मला. काहीतरी इचारती बघा. तुम्हाला कळलं तर मला बी सांगा."

तिने भाकरी उलटली.

"मी आपली रोज हो म्हनती तिला."