काचेवरचं कुंकू

ही गोष्ट १९९७ सालची. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि बिनलग्नाची होते, आणि सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीला या दोन्ही गोष्टी तोंडपाठ होत्या.

बाबा गेल्यापासून घरात मी आणि माय, दोघीच. मागच्या गल्लीत छगनभाईंचं साड्यांचं गोदाम होतं. तिथे मी साड्यांना घड्या घालून खोकी भरायचे. माय हळूहळू विसरायला लागली होती. एकदा कळशी घेऊन तापीवर निघाली. सुरतेतल्या तापीवर नव्हे, शिरपूरकडच्या, तिच्या लहानपणीच्या तापीवर! बमरोलीच्या मिलजवळ सापडली. मग मी बाहेरून कुलूप लावू लागले. संध्याकाळी परत यावं, तर दार बडवून बडवून तिचे तळवे लाल झालेले असायचे.

छगनभाईंनीच सुचवलं. कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यांत मालक वरच्या मजल्यावर बसून कारागिरांचे हात टीव्हीवर बघतात. “तमे पण माने जुओ ने, उषाबेन!” तुम्हीही आईला बघा की.

तशी मी तिथल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. पदर झटकत उभी राहिले, तोच काउंटरखालून आवाज आला, “ताई, पाय उचला. वायरवर उभ्या आहात.”

खालून एक डोकं वर आलं. कानशिलावर पांढरे केस, भुवईला धूळ. कारखान्यांत कॅमेरे बसवणारा योगराज. तोही आमच्याच खान्देशातला, धरणगावचा. त्यानंतर त्याने मला पुन्हा कधी ताई म्हटलं नाही.

“घरासाठी कॅमेरा?” तो हसला. “हिरे आहेत का घरात?”

“एक आहे. सारखा पळून जातो.”

मायबद्दल सांगितलं, तसं त्याचं हसू मावळलं. कारखान्यांतून उतरवलेले तीन जुने कॅमेरे त्याने समोर मांडले. एक रंगीत होता. “याला उजेड फार लागतो. तुमच्या खोलीत ऊन येतं?”

“शेजारच्यांनी मजला चढवला. तेव्हापासून नाही.”

दुसरा लांब नळीचा. “याच्यात चेहरा अगदी जवळ दिसतो.”

“बंदुकीसारखा आहे. माय घाबरेल.”

तिसरा बटणाएवढ्या काचेचा, काळा-पांढरा. तो त्याने तळहातावर धरला. “याच्यात सगळी खोली मावते, पण चेहरा बारीक दिसतो. तुम्हाला चोर बघायचाय की माणूस? चोराचा चेहरा लागतो. आपलं माणूस… आहे एवढं दिसलं तरी पुरतं.”

मी तिसरा घेतला.

चार गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांना बांधत त्याने काळी वायर गोदामापर्यंत आणली. माझ्या घडीच्या टेबलावर छोटा टीव्ही ठेवला. आवाज येणार नव्हता. पण त्या राखाडी चौकोनात माय शेंगा सोलताना दिसली आणि माझे डोळे भरून आले. त्याने वळून उगाचच वायर तपासली. शेजारणीने अधूनमधून डोकवायचं कबूल केलं, आणि मी कुलूप माळ्यावर टाकलं.

आणि दुसऱ्याच दिवशी टीव्ही काळा झाला!

मी धावत घरी गेले. वायर तपासायला आलेला योगराज आधीच स्टुलावर चढून काच पुसत होता. मायने कॅमेऱ्याला हळद-कुंकू लावलं होतं. घरात आलेल्या नव्या वस्तूची पूजा नको?

“हाऊ देवना डोया से,” माय मला दटावून म्हणाली. हा देवाचा डोळा आहे.

मग हे नेहमीचंच झालं. देवाच्या डोळ्याला कुंकू, टीव्ही काळा, योगराज हजर.

“एवढ्या लांबून येता रोज?”

“मायने बोलावलं की यावं लागतं.”

“ती कुठे बोलावते?”

“मग तुम्ही बोलवा…”

गोदामात छगनभाई ओरडायचे, “साडी जुओ बेन, टीवी नहीं!”

आषाढात एकदा गच्चीवर वायर बांधता बांधता त्याने लग्नाचं विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही, गाठीकडेच बघत होता. मी नाही म्हटलं. “मी तुमच्या घरी आले तर मायचं काय? जावयाच्या घरी ती पाणीसुद्धा पिणार नाही.”

“मी तिला—”

“नका बोलू पुढे.”

त्याने गाठ आवळली आणि तो जिना उतरून गेला. त्यानंतर टीव्ही बिघडला की त्याचा माणूस यायचा. मी टीव्हीकडे बघायचे, आणि मायच्या शेजारची रिकामी जागाच आधी दिसायची.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनीच खायचे, हा आमचा नेम. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. माय सगळं विसरली, पण हे विसरली नव्हती. शेजारणीने हात पुढे केला तेव्हा तिने डबा पदराखाली घेतला होता.

देवी बोळवून मी कामावर गेले, तर टीव्ही पुन्हा काळा. छगनभाईंनी दुकानात फोन केला. बऱ्याच वेळाने काळोखात एक फडकं हललं, आणि काचेत योगराजचा चेहरा आला. इतका जवळ, की भुवईवरची धूळ दिसली.

तो स्टुलावरून उतरला. माय डबा घेऊन आली आणि तिने रोट त्याच्यापुढे धरला.

त्याने हात जोडले, मान हलवली. खान्देशातलाच तो, त्याला नेम ठाऊक होता. मायने त्याचं मनगट धरलं, खाली बसवलं आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवला. मग तो थांबला… आणि त्याने वर बघितलं. थेट काचेत. माझ्याकडे.

मी मान डोलावली. वेडी मी! त्याला मी कुठे दिसणार होते? तो तसाच बघत राहिला.

हातातली साडी टाकून मी निघाले. दारात पोचले तेव्हा तुकडा तसाच त्याच्या तळहातावर होता, आणि मनगट मायच्या हातात.

“खाऊ?” त्याने विचारलं.

“खाल्लात तर याच घरचे व्हाल. इथेच राहावं लागेल.”

“त्या दिवशी गच्चीवर हेच सांगत होतो. तुम्ही बोलू कुठे दिलंत?”

“खाई ले रे भाऊ,” माय वैतागली. “मना हात दुखी राह्यना.” माझा हात दुखतोय.

मी पुढे होऊन त्याच्या तळहातावरच्या तुकड्यातला अर्धा मोडून घेतला. उरलेला त्याने खाल्ला.

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं आणि तो पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे राहायला आला. गल्ली घरजावई म्हणून हसली, मग हसून थकली. माय आणखी सहा वर्षं जगली. शेवटी मला ओळखत नव्हती, पण योगराज दिसला की डबा शोधायची. छगनभाई म्हातारपणी मुलाकडे राजकोटला गेले, तिथेच वारले. योगराजला जाऊन आता चार वर्षं झाली. कानबाई मी अजून बसवते.

आमची लेक धनश्री पुण्याला असते. तिने माझ्या खोलीत कॅमेरा बसवलाय. तिकडे मोबाइलवर मी तिला रंगीत दिसते म्हणे, अगदी अंधारातसुद्धा. पण कामात असली की दिवसदिवस तिचा फोन येत नाही. मग मी स्टूल घेते, हळूच चढते आणि त्या काचेला कुंकवाचं बोट लावते.

थोड्याच वेळात फोन वाजतो.