शेजाराला दहापैकी दहा

ताई, तुझा मेसेज मिळाला. तुम्ही दोघंही याच शहरात राहायला येताय हे वाचून आधी उडीच मारली. मग शेवटची ओळ वाचली आणि पलंगावर बसले. त्या ओळीकडे सावकाश येते. फोनच केला असता, पण आवाज बसलाय, म्हणून लिहिते. लांबण लागेल. चहा घेऊन बस, आणि जमलं तर उजेडात बस.

तू विचारलंयस, नव्या शहरात वस्ती कशी निवडलीस, शेजार कसा पारखलास. खरं सांगू? पारखायला गेले, आणि मीच पारखली गेले.

आम्ही इथे आलो तेव्हा लग्नाला पाच आठवडे झाले होते. कंपनीने पंधरा दिवसांपुरती एक खोली दिली होती, तेवढ्यात घर शोधायचं. नवऱ्याने लगेच तक्ता आखला. पाणी, उजेड, बस, शेजार. प्रत्येकाला दहापैकी गुण. "पहिले तीन रकाने माझे," तो म्हणाला, "शेजार तुझ्याकडे. तू न बोलता माणसं वाचतेस." माहेरी यालाच घुमी म्हणायचे. लग्न झाल्यावर गुणांत वाढ होते ती अशी.

तो कामावर गेला की मी निघायची. माझी पद्धत साधी होती. घर शेवटी बघायचं. आधी दोरीवरचे कपडे, मग दारांबाहेरच्या चपला, मग टपालपेट्यांवरची नावं. आणि मग जिन्यात उभं राहून सँडलचा पट्टा नीट करायचा, पाच मिनिटं, आणि ऐकायचं. किती भाषा कानावर येतात, कोण मोठ्याने हसतं, कोण कुणाला बघून दार लावून घेतं.

पहिल्या वस्तीत सगळ्या बाल्कन्यांना एकाच रंगाचे पडदे. एका बाईंनी नाव विचारायच्या आधी "किती दिवसांसाठी आलात?" असं विचारलं. तीन गुण. दुसऱ्या वस्तीत झाडून सगळे आपल्याच भाषेचे. मला वाटलं, बरं झालं. तर ओळख व्हायच्या आत एका काकूंनी माझ्या पोटाकडे बघून "काय, काही विशेष?" केलं. दोन गुण. रात्री नवऱ्याला सांगितलं तर हसता हसता त्याला ठसका लागला.

पण तुला म्हणून सांगते, त्या काकूंकडे परत जावंसं वाटत होतं. कुणी तरी "अगं" म्हणून हाक मारावी म्हणून. नवरा आणि मी तेव्हा पाहुण्यांसारखे बोलायचो. "तुला चालेल ना?" "नको, आधी तू घे." दिवसभर मनात साठलेलं संध्याकाळी त्याच्यासमोर यायचं आणि माझ्या तोंडून फक्त "छान गेला दिवस" एवढंच निघायचं. तो वाट बघायचा, अजून काही बोलेन म्हणून. मग दिवा घालवायचा.

मग एका बुधवारी, दुपारी साडेचारला, एजंटने मला ती इमारत दाखवली. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा होता की तो चालायला लागला की बैल निघाल्यासारखं वाटायचं. चार मजले, मजल्यावर दोन घरं. टपालपेट्यांवर सात नावं, आणि ताई, सहा लिप्या! दारांबाहेर लाकडी सपाता, रबरी बूट, मोजडीसारखं काहीतरी. खालच्या शिंप्याच्या दुकानात मशीन चालू होतं, वर कुणी गात होतं, मधेच कुणीतरी कुणाला भलत्याच भाषेत खडसावत होतं. मला वाटलं, इथे उपरं कुणीच नाही, कारण सगळेच उपरे आहेत.

आठवी पेटी कोरी होती.

आम्हाला दाखवायचं घर तिसऱ्या मजल्यावर, उजवीकडे. तिथले आधीचे भाडेकरू वारले होते, पेटीवर नाव अजून त्यांचंच होतं. जिन्याला खिडकी नाही. बटण दाबलं की मिनिटभर दिवा लागतो आणि आपोआप विझतो. भर दुपारीही मग काळोख. वर पोचल्यावर एजंटने कपाळाला हात लावला. एवढा जुडगा, पण नेमकी हीच किल्ली शिंप्याकडे राहिली होती. "दोन मिनिटं हं," म्हणून तो खळखळत खाली गेला.

मी उभी. दिवा विझला.

काळोखात आधी वास आला. घरात वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांचा. मग डाव्या बाजूच्या बंद दारामागे भांड्याला भांडं लागलं. मग सपातांचा आवाज... एक पाऊल उचलून टाकलेलं, एक घासत ओढलेलं. आईचा डावा गुडघा धरल्यापासून ती तशी चालते.

"आलीस का गं?"

तुझ्या मावशीची सवय तुला ठाऊक आहे. दार वाजलं की हातातलं काम न सोडता आतून विचारणार, आणि आपण "आले" म्हणेपर्यंत विचारतच राहणार. इतकी वर्षं विचार न करता उत्तर दिलंय आपण. तूही दिलंयस सुट्टीत.

"आले," मी म्हणाले.

म्हणून झाल्यावर मानेवर काटा आला. आतून नेहमीच्याच सुरात आलं, "हातपाय धू आधी. उन्हाची आलीस..."

जिन्यात किल्ल्या वाजल्या, दिवा लागला. मी विचारलं, "इथे कोण राहतं?"

"तिथे? कुणी नाही. मालक परदेशात. वर्षानुवर्षं बंद आहे." त्याने आमचं दार उघडलं. आत स्वच्छ उजेड होता. मी काय बघितलं ते आठवत नाही. तक्त्यात शेजाराला दहापैकी दहा दिले.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबांनी उचलला. "आईचा घसा बसलाय. साडेचारला चहा टाकत होती, बोलता बोलता आवाजच गेला. काळजी करू नकोस. तीस वर्षांत पहिल्यांदा या घरात माझं वाक्य पूर्ण होतंय."

मीही हसले. काय करणार.

दुसऱ्या दिवशी पडद्यांची मापं घ्यायचं निमित्त काढून परत गेले. दुसऱ्या मजल्यावर एक नर्स राहते. ड्युटीवरून येऊन बुटांच्या नाड्या सोडत होती. मोडक्यातोडक्या भाषेत ओळख झाली. मी सहज विचारलं, वरच्या बंद घरात कुणी असतं का. तिचा चेहरा उजळला. "ती? ती आमच्याकडची आहे. आमच्या डोंगरातली बोली बोलते. माझ्या बहिणीसारखी." चौथ्या मजल्यावर बोटीवरून निवृत्त झालेला एक म्हातारा स्वयंपाकी. तो म्हणाला, "छे, आमच्या बंदरावरची आहे ती. शिव्या ऐका तिच्या, अस्सल आमच्या." पहिल्या मजल्यावरचं जोडपं तर आपापसातच भांडलं. तो म्हणे आमची, ती म्हणे आमची.

बाई एक. आणि सगळ्यांचीच.

तिथेच परत फिरायला हवं होतं. पण मी तिसऱ्या मजल्यावर गेले, बटण दाबलं नाही, आणि दाराला कान लावला.

"आलीस का गं?"

"आले."

"दमलीस ना..." थोडा वेळ नुसता सपातांचा आवाज. मग अगदी दाराशी येऊन, हळू, "त्या दिवशी तुला जवळ घ्यायचं राहूनच गेलं बघ. त्या बॅगा मोजत बसले मी."

ताई, तू होतीस तेव्हा. गाडी सुटेपर्यंत आई बॅगा मोजत होती. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही, बोललोही नसतो. मी त्या दाराला टेकून एवढी रडले की भिंतीचा चुना गालाला लागला. खूप वेळ बोलत होतो. खाली उतरले तेव्हा पाय हलके झाले होते.

त्या संध्याकाळी फोनवर बाबांचा विनोद संपला होता. "डॉक्टर म्हणतात घसा स्वच्छ आहे. कुजबुजसुद्धा निघत नाही गं. थांब, तिला देतो." मग फोनवर नुसता श्वास. मी म्हटलं, "आई?" पलीकडून बांगडी फोनवर आपटल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा पुन्हा, घाईघाईने, जसं कुणी दार ठोठावतं.

सकाळी थेट शिंप्याकडे गेले. वयस्कर गृहस्थ, तोंडात टाचण्या धरून एका कोटाची बाही जोडत होते. मी बंद घराचं नाव काढलं तसे थांबले. एकेक टाचणी काढून उशीत टोचली.

"उत्तर दिलंत?"

"दिलं."

"किती वेळा?"

 त्यांनी कोट बाजूला ठेवला. "इकडची बोलायला लागली, की तिकडची गप्प होते. उत्तर देत राहाल तोवर."

"आणि नाही दिलं तर?"

"तर तिकडचा आवाज परत येतो, म्हणतात. मी करून बघितलं नाही."

"का?"

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. "आधी वाटायचं, उद्यापासून नको. मग तिकडे फोन करणंच सोडलं... नुसता श्वास ऐकवत नाही हो. चार वर्षांपूर्वी आई तिकडे वारली. इथे आहे ती. रोज विचारते, जेवलास का. आता मी ही जागा सोडून कुठे जाऊ, सांगा."

त्या इमारतीतून कुणी का हलत नाही, ते तेव्हा कळलं.

मी रात्री नवऱ्याला म्हटलं, ते घर नको. तो तक्ता घेऊन बसला. "अगं, दहापैकी दहा दिलेस शेजाराला! आजवर माझ्या गणिताच्या सरांनीसुद्धा कुणाला दिले नाहीत." मी म्हटलं, नळाला जोर नाही. "मग एकदा मला तरी बघू दे," तो म्हणाला.

मी त्याला नेलं. इथे चुकले. ताई, मी विचार केला होता गं. त्याची आई त्याला जन्म देतानाच गेली. वडील अबोल. वाढला वसतिगृहात. मला वाटलं, त्याला आतून हाक मारणारं आहेच कोण?

एजंट पुढे, मी मधे, तो मागे. घर बघून बाहेर आलो आणि दिवा विझला.

"आलीस का गं?"

मी ओठ दातांखाली धरले. "आलीस ना? अगं, आलीस का?" रागावून नाही. नुसती वाट बघत. मी कठड्याला धरून उतरत राहिले, आणि प्रत्येक पायरीला तो आवाज लहान होत गेला. दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा तोंडात रक्ताची चव होती. मागे काळोखात नवरा खुदकन हसला आणि म्हणाला, "आलो, आलो."

एजंटशी बोलतोय असं वाटलं मला.

त्याच रात्री आईचा फोन आला. "हॅलो" म्हणाली आणि अर्धा तास थांबली नाही. मी तिला म्हटलं, बॅगा मोजत बसलीस त्या दिवशी.  ती म्हणाली, "तुझ्याकडे बघितलं असतं तर सोडलं नसतं गं." मला तेवढं पुरलं.

आम्ही दुसरीकडे घर घेतलं. शेजाराला सहा गुण. बरं चाललं होतं. मग नवरा कामावरून तासभर उशिरा यायला लागला. हसतमुख. उजव्या खांद्याला चुना, उजव्या कानालाही. मी साधं "कुठे होतास" विचारायला तोंड उघडलं, तर आवाज चिरका. दोन दिवसांनी तोही नाही. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे.

मी सगळं लिहून त्याला दिलं. त्याने दोनदा वाचलं, माझ्या केसांवरून हात फिरवला, म्हणाला, "बरं. नाही जात." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खांद्याला चुना.

काल मी त्याच्या मागोमाग गेले. तिसऱ्या मजल्यावर, काळोखात, तो पायरीवर बसला होता. दाराला कान लावून. "हो? मग तू काय म्हणालीस?" असं विचारत होता. थांबत होता. हसत होता. "आणि मला कधीच का नाही सांगितलंस हे?" त्याच्या थांबण्याच्या जागी मला आईच ऐकू येत होती, "आलीस का गं?" पण उत्तर द्यायला माझ्याकडे आवाज नव्हता. त्याला काय ऐकू येत होतं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पाच आठवडे, दहा आठवडे तो ज्याची वाट बघत होता ते. दिवस कसा गेला. काय पाहिलं. कोण काय म्हणालं. घर म्हटल्यावर त्या माणसाला जगात एकच आवाज आठवत होता, आणि मी तो त्याला कधी दिलाच नव्हता.

मी त्याची बाही ओढली. त्याने वर बघितलं. गप्पांत मधेच आलेल्या परक्याकडे बघावं, तसं.

"श्श..." तो म्हणाला. "ती बोलतेय ना."

तर ताई, आता तुझी शेवटची ओळ. तू लिहिलंयस, "परवा फोनवर तासभर तू त्या सहा लिप्यांच्या इमारतीचं इतकं कौतुक केलंस, म्हणून शनिवारी साडेचारला तिसऱ्या मजल्यावरचं घर बघायला जातोय."

मी अकरा दिवसांत कुणालाही फोन केलेला नाही.