थांबणाऱ्या बाई

साताऱ्याच्या आंतरग्रह शाळा केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर मंगळावरचा दुसरीचा वर्ग दिसत होता आणि पडद्यासमोर मालन दुधगावकर खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. खुर्चीत मागे टेकून बसणं हा प्रकार त्यांना जन्मात जमला नव्हता. उकळी फुटेपर्यंत धीर धरवत नसल्यामुळे त्यांच्या घरचा चहा कायम पाणचट असतो, असं त्यांचे यजमानच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आज मंगळावर दुसरीची वार्षिक तोंडी परीक्षा होती. मुलं नऊ. त्यातल्या आठांची काळजी नव्हती. बाईंचे डोळे निळ्या स्वेटरमधल्या कस्तुरीवर खिळले होते. या परीक्षेत जे मूल मागे पडेल, त्याला विशेष शाळेसाठी पृथ्वीवर पाठवायचं, असा वस्तीचा नियम होता. परतीचं यान पुढच्याच आठवड्यात सुटणार होतं. कस्तुरीची आई वस्तीच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची प्रमुख, तिला जागा सोडता येणं शक्य नव्हतं. म्हणजे मंगळावरच जन्मलेल्या त्या सात वर्षांच्या पोरीला एकटीने, कधी न पाहिलेल्या ग्रहावरच्या वसतिगृहात राहावं लागलं असतं. आणि तिथे तिचं स्वतःचंच वजन तिला अडीच पटीहून जास्त वाटलं असतं.

हे असं होईल असं जूनमध्ये कुणी म्हटलं असतं, तर बाई त्याच्यावर उखडल्या असत्या. तेव्हा हा वर्ग बाई स्वतःच इथे बसून घेत आणि मंगळ फार दूर होता. बाईंचा प्रश्न तिथे पोचायला वीस मिनिटं लागत, उत्तर यायला आणखी वीस. केंद्रातले लोक याला प्रकाशविलंब म्हणत. बाई त्याला छळ म्हणत.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सवयीने "चूक! पुढे कोण?" असं ओरडून पाहिलं. ते ओरडणं मंगळावर पोचेपर्यंत मुलांनी चूक आपणच शोधून, भांडून, दुरुस्त करून वर डबाही संपवलेला असे. शिळ्या रागावण्याचा काही उपयोग नाही हे बाईंच्या लवकरच ध्यानात आलं. मग त्या प्रश्न पाठवून नुसत्या बसून राहू लागल्या. तिकडे मुलांनी दहा-दहा नटबोल्टांचे गठ्ठे बांधून बेरजा केल्या, हातचा म्हणजे काय ते गठ्ठा सोडून-बांधून पाहिलं, कुंडीतली मेथी रोज दोऱ्याने मोजली. कस्तुरी प्रश्न ऐकला की आधी छताकडे बघे, मग स्वतःच्या बोटांकडे, आणि बऱ्याच वेळाने अख्खं उत्तर कारणासकट देई. दिवाळीपर्यंत ती वर्गात सगळ्यांच्या पुढे होती.

दिवाळीनंतर वर्गात छायाशिक्षिका आली. मुलांनी तिचं नाव लगेच छायाबाई करून टाकलं. ती म्हणजे बाईंची हुबेहूब यांत्रिक प्रतिकृती, मंगळावरच बसवलेली. मुलांना उत्तराची वाट बघावी लागू नये, बाई जे म्हणाल्या असत्या ते छायाबाईने त्याच क्षणी म्हणावं, अशी ती योजना होती. तेव्हापासून मुलांची उत्तरं तोकडी होत गेली आणि कस्तुरी तर गप्पच झाली.

"कस्तुरी," पडद्यावर छायाबाई विचारत होती, "वर्गाची लांबी फिरोजकाकांच्या वितीने मोजली की कमी विती भरतात, तुझ्या वितीने मोजली की जास्त. असं का?"

कस्तुरीने छताकडे पाहिलं.

"पुढे! कोण सांगतं?" छायाबाई म्हणाली. परीक्षा संपली. कस्तुरीच्या याआधीच्या चारही प्रश्नांचं हेच झालं होतं.

"अगं, छताकडे बघते म्हणजे येतंय तिला!" बाई ताडकन उठल्या. "ह्या बयेला घाई कसली झालीय एवढी? यमुनाताई, तुमचं यंत्र बिघडलंय."

डॉक्टर यमुना गोरक्षकर यांनीच छायाबाई घडवली होती. त्या जराशा अवघडल्या. "बिघडलं नाहीये, बाई. ती तुमचीच सवय आहे."

"माझी?"

"तुमच्या कोरेगावच्या शाळेतल्या वर्गाची सगळी जुनी चित्रणं आम्ही तिला दाखवली. प्रश्न विचारल्यावर तुम्ही साधारण सेकंदभर थांबता, मग पुढच्या मुलाकडे वळता. ती तेवढंच थांबते."

बाईंना हे आवडलं नाही, पण ते खोटं आहे असंही म्हणवेना. "आणि मंगळाच्या वर्गाची? जून ते दिवाळीची?"

"तीही दाखवली. फक्त मधला वाट बघण्याचा वेळ कापून टाकला. त्यात काहीच नव्हतं ना. तुम्ही नुसत्या बसलेल्या होतात."

"अहो, त्याच वेळात तर पोरं शिकत होती!"

यमुनाताई पडद्याकडे वळल्या. पाच महिने मुलांच्या उत्तरांचे आलेख बघत होत्या त्या, आणि घसरण का होतेय ते त्यांना आत्ता कळत होतं.

बाईंनी कॅमेरा स्वतःकडे वळवला. "छायाबाई, निकाल पाठवू नकोस. कस्तुरीला बोलू दे. किती का वेळ लागेना. मी वाट बघते."

"पोचायला आठ मिनिटं लागतील," यमुनाताई म्हणाल्या. "मुलांचा खाऊ झाला की निकाल यान कार्यालयात जातो. आपण जे बघतोय तेही आठ मिनिटांपूर्वीचं आहे."

पुढचा पाव तास बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात लांब गेला. त्यांनी यमुनाताईंचं टेबल आवरलं, पुन्हा विस्कटलं, पाण्याची बाटली रिकामी केली. पडद्यावर मुलं सोयाबीनचा चिवडा खात होती. कस्तुरीचा वाडगा तसाच भरलेला होता.

मग मंगळावरच्या भिंतीवर बाईंना स्वतःचा चेहरा दिसला, आणि स्वतःचा आवाज ऐकू आला. मी वाट बघते.

"संदेश नाकारला," छायाबाई म्हणाली. "आवाज मालन दुधगावकर यांचा आहे. चेहरा त्यांचाच आहे. स्वभाव त्यांचा नाही. त्या वाट बघत नाहीत. संदेश बनावट आहे."

यमुनाताईंनी कपाळाला हात लावला. "स्वभावमुद्रा! आवाज आणि चेहरा हल्ली कुणीही बनवतं, म्हणून माणूस त्याच्या स्वभावावरून ओळखायचा, अशी सोय आम्ही केली होती. तुम्ही तुमच्यासारख्या वागला नाहीत, बाई."

"म्हणजे मी मीच आहे, हे मला त्या माझ्याच बाहुलीला पटवून द्यायचं?" बाईंना रडू येत होतं आणि मधेच हसूही. पण पटवायला वेळच नव्हता. तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. इथे फक्त बघणं उरलं होतं.

पडद्यावर फिरोज तडवी पुढे आला. वस्तीचा हा अभियंता वर्गावर देखरेख करी. "थांब जरा. ओळखीबद्दल शंका आली तर ओळखीच्या माणसांची साक्ष घ्यायची, असं तुझ्याच नियमात आहे ना? बाईंना ओळखणारी माणसं ही इथे चिवडा खातायत. बोला रे पोरांनो, खऱ्या बाई कोणत्या? भिंतीवरच्या की ह्या?"

"भिंतीवरच्या!" मुलांनी एकच गिल्ला केला.

"कारण सांगा," छायाबाई म्हणाली. गिल्ला थांबला. कारण कुणालाच चटकन सुचेना.

कस्तुरीने हात वर केला. छताकडे पाहिलं.

"पुढे," छायाबाई म्हणाली.

"पुढे-बिढे काही नाही," फिरोज म्हणाला. "आता मी विचारतोय. सांग तू, बाळा. सावकाश."

कस्तुरीने बोटांकडे पाहिलं. केंद्रात बाईंनी श्वास रोखून धरला होता.

"आपल्या बाई थांबतात," कस्तुरी म्हणाली. "पावसाळ्याच्या धड्याच्या वेळी मला उत्तर येत नव्हतं. मी डबा खाल्ला, हात धुतले, मेथीला पाणी घातलं. तरी त्या थांबल्या होत्या. रागावल्या नाहीत. त्या कध्धीच घाई करत नाहीत. ही त्यांच्यासारखी दिसते, पण थांबत नाही. म्हणून ही खोटी."

बाकीच्या आठ मुलांनी जोरजोरात माना डोलावल्या. त्या मुलांनी कोरेगावचा वर्ग पाहिलेला नव्हता. त्यांच्या दृष्टीने मालन दुधगावकर ही जगातली सगळ्यात शांत बाई होती.

छायाबाईला या वेळी सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

"नऊ जणांची साक्ष एकसारखी आहे," ती शेवटी म्हणाली. "संदेश खरा धरला. माझा नमुना दुरुस्त केला. कस्तुरी, तुझं उत्तर राहिलंय. मी वाट बघते."

"वर्ग तेवढाच आहे," कस्तुरी म्हणाली. उत्तर तिच्याजवळ केव्हापासून तयार होतं. "माझी वीत लहान आहे, म्हणून ती जास्त वेळा ठेवावी लागते. माझा हात मोठा झाला की विती कमी भरतील. मी दरवर्षी मोजणार आहे." मग तिने आधीच्या चार प्रश्नांची उत्तरंही ओळीने देऊन टाकली आणि चिवड्याचा वाडगा जवळ ओढला.

निकालावर 'उत्तीर्ण' अशी खूण उमटली. मालनबाई पदर डोळ्यांना लावून मनसोक्त रडल्या. इतकी वर्षं शिकवून त्यांच्याबद्दल 'बाई थांबतात' असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि कुणी म्हटलंच असतं तर त्यांच्या यजमानांना हसून हसून ठसका लागला असता.

"यजमानांना सांगणार का?" यमुनाताईंनी विचारलं.

"त्यांची साक्ष ग्राह्य नाही," बाई नाक पुसत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या शाळेत, आपल्या नेहमीच्या दुसरीच्या वर्गात बाईंनी प्रश्न विचारला. पहिल्या दोन बाकांवरचे हात नेहमीप्रमाणे खाडकन वर गेले. बाई शेवटच्या बाकावरच्या हणमंताकडे बघत होत्या. हणमंताला वर्षभर कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं, मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

वर्ग चिडीचूप झाला. बाई बोलेनात, हलेनात. पहिल्या बाकावरच्या शर्वरीने थोडा वेळ कळ काढली, मग काळजीने विचारलं, "बाई, तुम्ही हँग झालात का?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्चीत चांगल्या मागे टेकून बसल्या.