फळीवरचं मागच्या दाराचं कुलूप

हे खरं घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. कुणाला पटवत बसायची हौस माझी आता फिटली आहे.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. गाव एरी, पेनसिल्वेनिया. गुरुवारची संध्याकाळ. सरोवरावरून बर्फ असा येत होता की समोरचं घर दिसेना.

मी थिया नोविकी. शाळेची बस चालवते. आणि छंद म्हणून कुलपं उघडते.

हसू नका. आमचं मंडळ आहे, वाचनालयाच्या तळघरात जमतं. चावी नसताना बारीक आकड्याने कुलूप उघडायचं, एवढाच खेळ. नियम दोनच. जे आपलं नाही ते उघडायचं नाही. आणि ज्याच्या भरवशावर कुणी झोपतं, त्याला हात लावायचा नाही.

सरावासाठी आम्ही लाकडी फळ्या बनवतो. एका फळीवर ओळीने कुलपं बसवायची, पहिलं सोपं, पुढचं अवघड. कुलपं लोकांच्या दारांवरून निघालेली जुनी असतात. त्यांच्या आतल्या छोट्या पितळी पिना आधी बदलायच्या, म्हणजे कुणाच्या घराची खरी चावी उगाच फिरत राहत नाही.

हे सगळं मी लाइलला शिकवलं. लाइल माझा मावसभाऊ. बर्निस मावशीचा एकुलता एक.

मावशी आमच्या मंडळाला चोरांची शाळा म्हणायची. म्हणायची आणि डबाभर बिस्किटंही पाठवायची. तिची जीभ तिखट आणि डोकं त्याहून तिखट. खुबा मोडला म्हणून तिला नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं, तरी तिथल्या नर्सची मुलंबाळं तिला नावानिशी पाठ.

तिला एकच ध्यास होता. घरी जायचं.

डिसेंबरात एका दुपारी तिने कुणाला न सांगता टॅक्सी बोलावली आणि घरी गेली. ती नेहमी मागच्या दारानेच आत जायची.

सकाळी शेजाऱ्याला ती मागच्या ओट्यावर सापडली. बसलेली. गोठलेली. हातात चावी.

दफनाच्या वेळी लाइल प्रत्येकाला तेच सांगत होता. आईचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं हो, भलतीच चावी घेऊन गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारी बाई मेली की तिला वेडी ठरवायला किती वेळ लागतो?

माझं अंग जळत होतं. पण माझ्याकडे पुरावा काय होता?

मावशीचा कोट कुणालाच नको होता, म्हणून मी घेतला. तिच्या हातातली ती चावी कुणीतरी त्याच्या खिशात टाकली होती.

महिन्याभरात लाइलने घर विकलं. नव्या मालकाला आकडे दाबून उघडणारी कुलपं हवी होती. जुनी कुलपं लाइलने एका खोक्यात भरून माझ्या दारात ठेवली. म्हणाला, "कचरा आहे. तुझ्या फळ्यांना होईल."

तर त्या गुरुवारी मी तळघरात नवी फळी करत होते. रेडिओ चालू होता. मावशीच्या मागच्या दाराचं कुलूप ओळीत शेवटी बसवलं. पिना नंतर बदलू, आधी स्क्रू आवळू, असा विचार केला.

बाहेर अंधारून आलं.

आणि रेडिओ बंद पडला.

आपोआप नाही... खुट्ट असा बटणाचा आवाज आला. कुणीतरी दाबल्यासारखा.

वीज गेली का म्हणून मी वर पाहिलं. दिवा चालू होता.

मग... ट्‌क... ट्‌क... ट्‌क...

ज्याने कुलपं हाताळली आहेत त्याला हा आवाज झोपेतही कळतो. चावी पिनांवरून आत सरकत होती.

आवाज दबका होता. मध्ये जाड दार असावं तसा.

फळीवर कुठेच चावी नव्हती.

चावी फिरवायचा प्रयत्न झाला. फिरली नाही. बाहेर निघाली. पुन्हा आत गेली. पुन्हा... पुन्हा...

शेवटच्या कुलपाच्या तोंडावर वाफ धरली. फक्त त्याच एका कुलपावर. गोठलेल्या कुलपावर आपण तोंडाने फुंकर घालतो ना, तशी.

मग आवाज थांबला.

पण मी एकटी नव्हते. माझ्या मागे, अगदी जवळ... कुणीतरी श्वास रोखून उभं होतं.

मी वळून पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, जिना चढून वर पळाले.

दुसऱ्या दिवशी, लख्ख उजेडात, मावशीची चावी घेऊन खाली गेले. मागच्या दाराच्या कुलपात घातली.

गेली आत. पण फिरेना.

मला रडूच कोसळलं. म्हणजे लाइल खरं बोलत होता तर! चावी भलतीच होती. मावशीचं डोकं खरंच गेलं होतं.

मग डोळे पुसले आणि कुलूप खोललं. नाहीतरी पिना बदलायच्याच होत्या.

आत जुन्या, काळ्या पडलेल्या पिना असायला हव्या होत्या. ते कुलूप काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, बसवलं तेव्हापासून कुणी खोललं नव्हतं.

निघाल्या नव्याकोऱ्या. लाल, निळ्या, हिरव्या. आमच्या मंडळाच्या डब्यात असतात तशा रंगीत.

आणि शेवटच्या पिनेचा खण रिकामा.

लाइलच्या हातून दर वेळी पिनेवरची एक स्प्रिंग उडते. शोधायचा कंटाळा, म्हणून तो शेवटचा खण तसाच सोडतो. किती वेळा मी त्यावरून त्याला टोमणे मारलेत, मंडळात सगळ्यांना माहीत आहे.

मेल्याने आईच्याच दाराचं कुलूप बदललं होतं! ती परत येऊन बसली तर घर विकता येणार नाही म्हणून.

चावी भलती नव्हती. ते कुलूप भलतं झालं होतं.

मी काय केलं? मावशीची चावी समोर ठेवली आणि तिच्या खाचांप्रमाणे एकेक पीन निवडून भरली. शेवटच्या खणासकट. चावी फिरवून पाहिली. लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. मग चावी खुंटीला अडकवली आणि वाट पाहत बसले.

अंधारून आलं... खुट्ट. रेडिओ बंद.

ट्‌क... ट्‌क... ट्‌क...

क्षणभर काहीच नाही.

मग कुलूप फिरलं. माझ्या डोळ्यांसमोर. रिकाम्या भोकात काही नसताना कुलपामागची पट्टी आडवी झाली.

थंडगार झोत माझ्या अंगावरून गेला. जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाय घासत... सावकाश... वर.

मी म्हटलं, "मावशी, आलीस?"

वरचं दार लागल्याचा आवाज आला. बस.

थोड्याच वेळात फोन वाजला. लाइल. आवाज ओळखू येईना.

"थिया, माझ्या दाराबाहेर कुणीतरी पाय घासतंय. आईच्या त्या मागच्या कुलपाचं तू काय केलंस?"

मी म्हटलं, "आधी तू काय केलंस ते सांग."

तो धापा टाकत बोलला.

"मी आत होतो."

मला आधी कळलंच नाही.

"मी स्वयंपाकघरात सामान बांधत होतो. तिची चावी वाजली. मी रेडिओ बंद केला आणि गप्प उभा राहिलो. मला वाटलं, थोडा वेळ प्रयत्न करेल आणि टॅक्सीने परत जाईल. मग आवाज थांबला. मी पुढच्या दाराने निघून गेलो."

दोन दिवस मी जे ऐकत होते ते दाराबाहेरच्या मावशीला ऐकू आलेलं नव्हतं. ते त्या संध्याकाळी दाराच्या आतून ह्याला ऐकू आलेलं होतं. माझ्या मागे श्वास रोखून कोण उभं होतं, ते तेव्हा कळलं.

त्याच्याकडे पलीकडे रेडिओवर गाणं चालू होतं. ते मध्येच तुटलं.

"मी नाही बंद केला," लाइल म्हणाला.

आणि फोनमधून मला ते स्पष्ट ऐकू आलं. ट्‌क... ट्‌क...

फोन कट झाला.

लाइल जिवंत आहे. काळजी नसावी. त्याने आपल्या घराच्या कुलपातल्या पिना बदलल्या. मग कुलूप बदललं. मग दार बदललं. मला तीनदा विनवून गेला, तू येऊन काहीतरी बसव. मी म्हटलं, ज्याच्या भरवशावर कुणी झोपतं त्याला मी हात लावत नाही, नियम आहे.

आता तो दार लावतच नाही. एरीच्या थंडीत दार सताड उघडं टाकून, कोट घालून समोर खुर्चीवर बसलेला असतो. दार लावलं की चावी वाजते म्हणतो.

ईस्टरच्या जेवणाला मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. चावी बरोबर होती, मावशीचं डोकं शाबूत होतं, ह्याने तिला बाहेर ठेवलं. लाइल ताटात बघत बसला. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशीबद्दल बोलताना पाहायचे, अगदी तसंच. मग कुणीतरी मला मायेने विचारलं, थिया, तुला हल्ली झोप लागते ना गं?

ती फळी मी मंडळाला दिली नाही. तळघरातच आहे. चावी खुंटीला आहे.

काल सकाळी खाली गेले तेव्हा चावीखालची फरशी ओली होती. चावीवरून वितळलेला बर्फ अजून ठिबकत होता.