खोलीतला शेवटचा माणूस

ठोकेसाहेब हे त्यांचं नाव नव्हतं, आडनाव तर नव्हतंच. घर विकत घेण्याआधी लोक त्यांना बोलावत. ते बोटांच्या पेरांनी भिंती ठोकत, कान लावत, आणि गिलावा कुठं सुटलाय, पाणी कुठं मुरतंय, सळई कुठं गंजलीय ते सांगत. घराच्या मालकानं शेजारी उभं राहून कितीही घसा खाकरला, तरी त्यांनी आजवर एकही दोष पोटात घातला नव्हता. त्यामुळे धंद्यात त्यांना मान होता, आणि नातेवाईक त्यांना सहसा घरी बोलावत नसत.

त्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पुढची खोली, मधली खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर. घेताना त्यांनी तेही ठोकून घेतलं होतं. घरात ते, त्यांची बायको आणि एक राखाडी मांजर. बायको शाळेत भूगोल शिकवायची. मांजरीचं नाव तिनं ‘मॅडम’ ठेवलं होतं. मुख्याध्यापिकेला दिवसभर मॅडम म्हणून झाल्यावर संध्याकाळी त्याच नावाच्या कुणाला तरी ‘चल, हो बाजूला’ म्हणता यावं, एवढाच त्यामागचा उद्देश.

मॅडम ठोकेसाहेबांच्या मागे मागे फिरायची. ते दाढी करायला गेले की ही न्हाणीघराच्या दारात. ते चष्मा शोधत मधल्या खोलीत शिरले की ही कपाटापाशी. चष्मा डोक्यावरच आहे हे आठवून ते परत फिरले की हीसुद्धा परत.

“जन्मात कुणी तुमच्या मागे लागलं नव्हतं,” बायको म्हणायची. “फिटली ना हौस?”

फिटली होती. ठोकेसाहेब हे कौतुक परक्यांच्या ओल्या भिंतींसमोर उभे राहूनही सांगत. जनावरांच्या डॉक्टरांना त्यांनी मुद्दाम विचारलं, मांजरं मालकाच्या मागे का फिरतात. डॉक्टर हात धूत म्हणाले, “खायला मिळतं, ऊब मिळते, आणि त्यांना दुसरा उद्योग नसतो.” ठोकेसाहेबांना हे कारण कोरडं वाटलं. त्यांचं स्वतःचं कारण होतं, आणि ते उघडपणे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. आपण प्रेम करण्याजोगे आहोत, असं त्यांना वाटू लागलं होतं.

एका रविवारी दुपारी दोघं पुढच्या खोलीत बसले होते, मॅडम सोफ्यावर झोपली होती. ठोकेसाहेब पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात पोचल्यावर त्यांनी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी चुचकारून हाक मारली. मॅडमनं कानसुद्धा हलवला नाही. त्यांच्या मनाला लागलं. पेला हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. तेवढ्यात कपडे काढायला बायको बाल्कनीकडे निघाली, आणि गाढ झोपलेली मॅडम ताडकन उठून तिच्या आधी खोलीबाहेर आली.

मग वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा आला आणि एकटाच काम करत बसला. त्यानं तिला पायानं दोनदा सरकवलं. तरी ती त्याच्या हत्यारांच्या पिशवीला चिकटून बसली, आणि तो निघाला तशी त्याच्याबरोबर निघाली.

म्हणजे ती कुणा एकाच्या मागे जात नव्हती. खोलीतला शेवटचा माणूस बाहेर पडला की ती बाहेर पडायची. आता ठोकेसाहेब नीट बघू लागले. ती दारापर्यंत सरळ यायची आणि शेवटची काही पावलं उलटी टाकायची, तोंड खोलीकडे ठेवून. मांजर असं चालत नाही. आणि दोघं बाहेर गेले की परतल्यावर ती नेहमी खिडकीच्या गजांबाहेर, वीतभर कट्ट्यावर बसलेली असे. इतके दिवस दोघं म्हणत, हिला उन्हाची आवड. पण पावसातही ती तिथंच असायची, भिजून निम्मी झालेली.

ठोकेसाहेबांनी मग दुसऱ्यांच्या घरात जे करत ते स्वतःच्या घरात केलं. ओल मोजली. गॅसची नळी साबण लावून पाहिली. उंदरांच्या लेंड्या शोधल्या. वायरी तपासल्या. भिंती पुन्हा ठोकल्या, सगळ्यात जास्त मधल्या खोलीच्या.

“किती ठोकताय?” बायको म्हणाली. “आतून कुणी दार उघडणार आहे का?”

घर ठणठणीत होतं. एवढं निर्दोष घर त्यांनी आजवर तपासलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बायको शाळेत असताना ते दुपारीच घरी आले. चहा केला. मॅडमला उचललं. मधल्या खोलीत एक कपाट, इस्त्रीचं टेबल आणि पाहुण्यांसाठी एक पलंग होता. खिडकी त्यांनी आधीच लावून घेतली होती. त्यांनी तिला खोलीच्या मधोमध ठेवलं. ती लगेच त्यांच्या पायात आली. त्यांनी तिला पायानंच मागे ढकललं, वॉशिंग मशीनवाल्यासारखं, आणि बाहेरून कडी घातली. हा प्रयोग होता, असं त्यांनी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. मनातलं खरं कारण असं, की जी आपल्यावर प्रेम करत नाही तिच्याशी कसंही वागलेलं चालतं.

आधी तिनं दार ओरबाडलं. मग ओरडली. मग तिनं आवाज खाली आणला आणि अगदी दाराच्या फटीशी येऊन, एखाद्यानं कानात विनवावं तसं, हळू काहीतरी म्हटलं.

मग ती गप्प झाली.

ठोकेसाहेबांनी सवयीनं तळहात दारावर ठेवला.

पाहुणे असेपर्यंत पोट आत ओढून बसलेला माणूस, पाहुणे जिना उतरले की ते सोडतो. तसं काहीतरी पलीकडे झालं. आवाज असा नव्हता. लाकूड त्यांच्या तळहाताशी हळूच पुढं आलं आणि टेकून राहिलं.

दारं फुगतात. पण त्याला अख्खा पावसाळा लागतो.

लाकूड कोमट होतं.

त्यांनी हात काढला नाही. कडी नाकासमोर होती. ती काढायला एक बोट पुरलं असतं.

त्यांनी ती काढली नाही.

बायको आली तेव्हा ते तिथंच उभे होते. तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती.

“मॅडम कुठाय?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. ती पुढं झाली, कडी काढली, दार सहज उघडलं. आत सगळं जिथल्या तिथं होतं. कपाट, टेबल, पलंग. मॅडम खोलीच्या मधोमध बसली होती, त्यांनी ठेवली होती त्याच जागी. तिच्या दोन्ही कुशींवरची लव चपटी झाली होती. एकही केस उभा नव्हता, जणू इस्त्री फिरवली होती. ती उठली, ठोकेसाहेबांच्या पायांशेजारून त्यांना न हुंगता गेली आणि बायकोच्या मागे जाऊन बसली.

“किती वेळ होती आत?”

“आत्ताच,” ते म्हणाले.

टेबलावरच्या चहावर जाड साय धरली होती. बायकोनं ती पाहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती एवढी सभ्यपणे कधीच गप्प बसली नव्हती.

रात्री जेवताना ती म्हणाली, “त्या खोलीत इस्त्री करताना मी रेडिओ लावते. बाहेर येताना बंद करत नाही. का ते विचारू नका, मलाही माहीत नाही.” मग ताट सरकवत म्हणाली, “घर विकू या.”

“लोक विचारतील, का विकताय.”

“मग सांगा की. दोष सांगणं तुमचाच तर धंदा आहे.”

घर बघायला एक तरुण नर्स आली. बरोबर नवरा आणि कडेवर रांगती मुलगी. नवरा सगळ्याला मान हलवत होता. नर्स बोलकी होती.

“काका, आमच्या हॉस्पिटलमध्ये सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं. म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायला नकोच. तुम्हीच सांगा, काय काय खराब आहे?”

“न्हाणीघराचा उतार उलटा आहे,” ठोकेसाहेब म्हणाले. “पाणी कोपऱ्यात साचतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची बिजागरी बदलावी लागेल. पुढच्या खोलीत पंख्याच्या हुकाशी केसासारखी चीर आहे. धोक्याची नाही, पण आहे.”

नर्स नवऱ्याकडे वळून म्हणाली, “बघितलंत? असा माणूस मिळतो का कुठं?” मग पुन्हा यांच्याकडे बघून, “आणखी काही?”

बायको मधल्या खोलीच्या दारात मॅडमला घेऊन उभी होती. ती ठोकेसाहेबांकडे बघत होती.

काय सांगायचं, हे त्यांना खरंच कळेना. पण कळेना म्हणून ते गप्प बसले, हे खोटं होतं. माणसं आपल्याला वेड्यात काढतील, हॉस्पिटलभर हसतील, यापुढं कुणी भिंत ठोकायला बोलावणार नाही, एवढं सगळं त्यांना व्यवस्थित कळत होतं.

“नाही,” ते म्हणाले. “आणखी काही नाही.”

बायकोनं मॅडमला खाली ठेवलं आणि ती चहाचं बघायला गेली. मॅडम मात्र माणसांच्या गर्दीत मधल्या खोलीतच राहिली.

“ही हिची खोली!” नर्स म्हणाली. तिनं मुलीला फरशीवर बसवलं, हातात खेळायला किल्ल्या दिल्या आणि ओटा बघायला नवऱ्याला घेऊन गेली. ठोकेसाहेब त्यांच्या मागून निघाले. दारातून बाहेर पडताना पायाशी काहीतरी मऊ लागलं. मॅडम बाहेर येत होती. उलटी, एकेक पाऊल.

खोलीत मूल होतं. तरी ती बाहेर येत होती. तिच्या हिशेबी खोली रिकामी झाली होती.

मुलीनं किल्ल्या तोंडातून काढल्या आणि डोळे मोठे करून वर, छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

ठोकेसाहेब धावतच आत गेले. खिडकीची कडी तपासतोय असं दाखवत नर्स परत येईपर्यंत तिथं उभे राहिले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“अगंबाई, काका तुझ्याजवळ थांबले होय गं?” नर्सनं मुलीला उचललं. “मुलांची फार माया दिसते तुम्हाला.”

“हो,” ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी विक्रीच्या कागदांवर सही केली.

नव्या घरात मॅडम कुणाच्याच मागे फिरत नाही. मागच्या खोलीत दिवसभर एकटी, पाय ताणून झोपते. ठोकेसाहेब आत गेले की उठून दुसऱ्या खोलीत जाते. बायको बोलते, पण कामापुरतं. जेवायला बोलावताना ती हल्ली ‘अहो’ म्हणत नाही, नुसतं ताट ठेवल्याचा आवाज करते.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी नर्सचा फोन आला. त्यांनी तो लगेच उचलला, आणि उचलल्यावर आपण उचलायला नको होता असं त्यांना वाटलं.

“काही नाही हो काका, सहजच. उताराचं काम करून घेतलं. तुम्ही सांगितलं होतं तस्संच निघालं.”

“मुलगी बरी आहे?”

“बरी म्हणजे? माझा पदर सोडत नाही! या खोलीतून त्या खोलीत गेले की हाजीर. सासूबाई म्हणतात, आईचं फार वेड आहे. मला पण आधी बरं वाटायचं.” ती हसली. “आता हेसुद्धा तसंच करायला लागलेत. हातात पेपर घेऊन माझ्या मागे. मी म्हटलं, अहो, तुम्ही तिच्या मागे, ती माझ्या मागे, मी कुणाच्या मागे जाऊ?”

ठोकेसाहेबांना हसता आलं नाही. फोनमध्ये तिचा आवाज घुमत होता, भिंती जवळ असल्यासारखा. कुणाची तरी पावलं वर चढून गेली.

“कुठून बोलतेस तू?”

“जिन्यातून. हे कामावर गेले की आम्ही दोघी इथंच बसतो. झोपलीय ती माझ्या मांडीवर.” ती जरा थांबली. “गादी आणलीय बाहेर. लोक बघतात, पण बघू देत.”

आता सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं. दारापलीकडे बायको भांडी लावायची थांबली होती.

“जिन्याच्या भिंतीला ओल आहे,” ते म्हणाले. “गादी जरा लांब ठेव. मुलीला बाधेल.”

“ठेवते,” नर्स म्हणाली. “तुम्ही किती खरं सांगता हो, काका.”